मोशाव: स्थलांतरितांचं सहकारी शेतीगाव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इस्रायलच्या शेतीचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट ठिबकवर जाऊन थांबते. मला येणारे प्रश्न मात्र वेगळेच असतात. जमीन कुणाच्या नावावर? कर्ज थकलं तर कोण भरतं? धाकट्या भावाचं काय होतं? विचारणाऱ्यांत सोसायटीचे सचिव असतात, शेतकरी असतात आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं तर असतातच. तेच प्रश्न इथे सोप्याकडून अडचणीच्याकडे लावले आहेत. दोन गावं पुन्हा पुन्हा येतील: १९२१ चं नहलाल, म्हणजे पहिला मोशाव, आणि कोचीच्या ज्यूंचं नेवातीम.

१. मोशाव म्हणजे नेमकं काय?

सहकारी तत्त्वावर चालणारं छोटं शेतीगाव. घर तुमचं, चूल तुमची, गोठा तुमचा, राबणारे हातही तुमचेच. पण जमीन राष्ट्राची. बी-बियाणं, खत, पेंड सोसायटीमार्फत घ्यायचं, दूध, अंडी, भाजीपाला सोसायटीमार्फत विकायचा, आणि कर्जाला सगळं गाव एकमेकांना जामीन. या मूळ प्रकाराला हिब्रूत 'मोशाव ओव्दीम' म्हणतात, म्हणजे कष्टकऱ्यांचा मोशाव. एलिएझर योफे यांनी १९१९ मध्ये एक पुस्तिका लिहून ही कल्पना मांडली. राष्ट्राची जमीन, स्वतःचे श्रम, परस्परांना मदत, एकत्र खरेदी-विक्री आणि कुटुंब हे एकक, या पायावर ती उभी होती. कागदावर हे सगळं छान दिसतं. यातलं काय टिकलं आणि काय गळलं, ते पुढच्या उत्तरांत येईलच.

आज इस्रायलमध्ये साडेचारशेच्या आसपास मोशाव आहेत. मूळ आखणीत एका गावात साधारण ६० ते १०० कुटुंबं धरलेली असत.

२. मग किबुत्झ आणि मोशाव यांत फरक काय? दोन्ही सहकारीच ना?

किबुत्झमध्ये गाय सगळ्यांची. मोशावात गाय माझी, दूध मात्र सगळ्यांच्या टाकीत.

किबुत्झमध्ये जमीन, गोठा, तिजोरी सगळं एक असायचं. जेवण सामुदायिक भोजनगृहात, आणि कितीतरी वर्षं मुलंसुद्धा आईबापांजवळ न झोपता बालगृहात झोपायची. गालील समुद्राकाठचं देगानिया हा पहिला किबुत्झ, १९१० चा. ते जगणं ज्यांना मानवलं नाही, पण एकट्यादुकट्याने शेती करणंही नको होतं, अशांनी मोशावाची वाट धरली. पुढे सेनापती आणि मंत्री झालेले मोशे दायान यांचा जन्म देगानियातला, आणि त्यांचे आईवडील देगानिया सोडून नहलालला आलेले.

आणखी दोन शब्दांवरून नेहमी गोंधळ होतो. 'मोशावा' म्हणजे खासगी मालकीच्या शेतीचं जुनं गाव, उदाहरणार्थ १८८२ चं रिशोन लेझियोन. तिथे सहकाराची सक्ती नव्हती. 'मोशाव शितुफी' हा मधला प्रकार: शेती एकत्र, चुली वेगळ्या. त्यातला पहिला कफार हित्तीम, १९३६ चा. हा प्रकार फारसा पसरला नाही.

३. नहलालचा आकाशातून काढलेला फोटो पाहिला. गाव बैलगाडीच्या चाकासारखं गोल का आहे?

कारण ते तसंच आखलं होतं. ११ सप्टेंबर १९२१ ला इझ्रेल खोऱ्यात पहिली कुटुंबं तंबू ठोकून बसली. दलदलीचा, हिवतापाचा मुलूख. पाणी काढून लावल्याशिवाय तिथे राहणंच शक्य नव्हतं. आखणी वास्तुविशारद रिखार्ड काउफमान यांची. मध्यभागी शाळा, सभागृह, सोसायटीची कोठारं आणि शिक्षक, दवाखान्यातले लोक अशा शेती न करणाऱ्यांची घरं. त्याभोवती कड्यासारखी शेतकऱ्यांची घरं. प्रत्येक घरामागून जमिनीची पट्टी चाकाच्या आऱ्यासारखी बाहेर गेलेली.

मला या आखणीतली गंमत वाटते ती अशी की कुणाचंही घर कोपऱ्यात नाही. केंद्रापासून सगळे सारख्याच अंतरावर. आपल्या गावठाणात वाडा कुठे, वस्ती कुठे आणि विहीर कुणाच्या जवळ, हे नुसता नकाशा पाहून कळतं. इथे नकाशावरून काहीच कळू नये असा बेत होता.

सुरुवातीला कुटुंबामागे सुमारे १०० दुनाम जमीन धरली होती. एक दुनाम म्हणजे १,००० चौरस मीटर, आपले जवळजवळ दहा गुंठे. म्हणजे साधारण २५ एकर. पुढच्या बहुतेक मोशावांनी हा गोल उचलला नाही. सरळ रस्ता आणि दुतर्फा घरं असलेली गावंच जास्त आहेत.

४. "स्थलांतरितांनी वसवलेलं गाव" म्हणतात. ते त्यांनी वसवलं, की त्यांना नेऊन बसवलं?

दोन्ही. फक्त काळ वेगळे.

नहलालच्या पिढीने मोशाव स्वतः निवडला होता. तेही बाहेरूनच आले होते, बहुतेक पूर्व युरोपातून. पण विचार करून, वाद घालून, आधी दुसरीकडे राबून मग इथे आले होते. १९४८ नंतरचं चित्र पूर्ण वेगळं. राज्य स्थापन झाल्यापासून १९५१ अखेरपर्यंत सुमारे सात लाख माणसं आली आणि देशाची ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली. येमेन, इराक, मोरोक्को, रुमानिया, कुर्दिस्तान अशा ठिकाणांहून आलेली ही कुटुंबं. आधी तंबू आणि पत्र्यांच्या संक्रमण छावण्यांत राहिली. त्यांना कुठे ठेवायचं, हा प्रश्न होता. किबुत्झ नको होतं, कारण मोठी कुटुंबं, धर्म पाळणारी माणसं, मुलांना बालगृहात ठेवायला साफ नकार. मोशावात निदान घर घर राहत होतं. म्हणून त्या दशकात 'स्थलांतरितांचे मोशाव' धडाधड उभे राहिले.

१९५४ पासून 'जहाजावरून थेट गावात' ही योजना आली. बंदरावर उतरलेलं कुटुंब ट्रकमध्ये बसवायचं आणि रातोरात नव्या गावात पोचवायचं. कित्येक जण अंधारात, उजाड माळावर ट्रकमधून उतरायलाच तयार होईनात, याच्या हकिकती त्या काळाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाकडे असतात. १९५५ मध्ये लाखीश भागात लोवा एलियाव यांच्या देखरेखीखाली याच पद्धतीने गावांचे गुच्छ वसवले गेले: चार-पाच गावं आणि मध्ये एक सामाईक केंद्र, तिथे शाळा, दवाखाना, ट्रॅक्टरचं ठाणं. सुरुवातीला अधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांची माणसं एका गावात घालून पाहिली. भांडणं झाली. मग एका गावात एकाच मुलखातले लोक, आणि शेजारच्या गावात दुसऱ्या मुलखातले, असा तोडगा निघाला.

प्रत्येक गावाला एक 'मद्रीख' मिळायचा, म्हणजे मार्गदर्शक. तो नांगर धरायला शिकवायचा, हिशेब लिहायचा, सोसायटीचं कामही बघायचा. सहकार म्हणजे लोकांनी स्वतः चालवायची गोष्ट. इथे ती वरून आलेला मनुष्य चालवत होता, तीही अशा लोकांसाठी ज्यांनी 'सहकार' हा शब्द कधी ऐकला नव्हता. तरी लोकांनी ती हळूहळू आपली करून घेतली, आपल्या पद्धतीने. मोरोक्को किंवा कुर्दिस्तानातून आलेल्या गावांत सोसायटीची समिती म्हणजे भाऊबंदांची ताकद मोजायची जागा झाली. एका घराण्याचं पॅनल निवडून आलं की दुसऱ्याचं खत उशिरा. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

५. भारतातून गेलेल्या लोकांचा मोशाव आहे का?

आहेत, एकाहून जास्त. नेवातीम, मेसिलात झियोन, ताओझ, कफार युवाल इथे कोचीचे ज्यू वसले. त्यातलं नेवातीम सगळ्यांत प्रसिद्ध.

नेवातीम म्हणजे 'कोंब'. बेअरशेवाजवळ, नेगेव वाळवंटाच्या उंबरठ्यावर. १९४६ च्या ऑक्टोबरात योम किप्पूरचा उपास सुटल्यावर एका रात्रीत नेगेवमध्ये ११ वस्त्या उभारल्या गेल्या, त्यातली ही एक. पहिले लोक टिकले नाहीत, वस्ती ओस पडली. १९५४ मध्ये कोचीचे ज्यू तिथे आले आणि खरं गाव तेव्हापासून सुरू झालं.

हे लोक शेतकरी नव्हते. एर्नाकुलम, मट्टांचेरी, परवूर, चेंदमंगलम, माळा इथे त्यांची बहुतांशी छोटी दुकानदारी आणि किरकोळ व्यापार. घराबाहेर पाऊल टाकलं की खाडी, नारळ, पाऊस. तिथून थेट अशा जागी, जिथे वर्षाला आपल्या दुष्काळी तालुक्यापेक्षाही कमी पाऊस. त्यात त्यांचं येणंच लांबलं होतं, कारण केरळात हत्तीरोग होता आणि तो पसरेल या भीतीने आरोग्य खात्याने आडकाठी घातली. आल्यावरही त्यांना दूरदूरच्या गावांत पांगवलं गेलं.

आणि तरी या लोकांचं नाव झालं ते फुलशेती आणि कुक्कुटपालनात. चेंदमंगलमहून आलेले एलियाहू बेझालेल यांनी नेगेवमध्ये फुलं पिकवून युरोपात पाठवली. भारत सरकारने त्यांना पुढे प्रवासी भारतीय सन्मान दिला. शेतीत मुरलेल्या माणसाने वाळवंटात गुलाब लावायचा विचार केला असता का, अशी शंका मला येते. ज्याला काय उगवत नाही हे ठाऊक नसतं तो कधीकधी पुढे जातो. अर्थात असेच कितीतरी जण बुडालेही.

६. आपले बेने इस्रायल ज्यू तर मराठी. मग मराठी मोशाव का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी निराशा असते.

बेने इस्रायलांचं मूळ रायगडच्या किनाऱ्यावरचं. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा, म्हसळा. नवगावकर, पेणकर, रोहेकर ही आडनावं त्याचीच. गावात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून 'शनवार तेली'. पण इस्रायलला जायची वेळ आली तोवर त्यातले पुष्कळ मुंबई, पुणे, ठाण्यात येऊन पिढ्या झाल्या होत्या: रेल्वे, सरकारी कचेऱ्या, गिरण्या, लष्कर. १९४८ मध्ये ते सुमारे वीस हजार होते. कोचीचे ज्यू जेमतेम अडीच हजार. कोचीचे लोक अख्खी वस्तीच्या वस्ती उठून गेले, त्यामुळे त्यांना एक गाव देणं सोपं होतं. बेने इस्रायल कुटुंबाकुटुंबाने, वर्षानुवर्षं जात राहिले आणि लोद, रामले, अश्दोद, बेअरशेवा, दिमोना अशा शहरांत कारखान्यांत, कचेऱ्यांत लागले.

तेव्हा मराठी ऐकायची असेल तर मोशावात नाही, दिमोनात किंवा अश्दोदात जा. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथले लोक चालवत आले आहेत. नेवातीमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मल्याळम असते.

७. जमीन शेतकऱ्याच्या नावावर असते का? सातबारा असतो का?

नाही, आणि नाही. इस्रायलमधली सुमारे ९३ टक्के जमीन सरकारची, किंवा १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीसारख्या संस्थांची आहे. १९६० च्या मूलभूत कायद्यानुसार ती विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येते. पट्टा साधारण ४९ वर्षांचा आणि नूतनीकरणाचा.

गुंता पुढेच आहे. बऱ्याच मोशावांत हा पट्टा शेतकऱ्याशी झालेलाच नाही. करार त्रिपक्षी असतो: जमीन प्राधिकरण, ज्यू एजन्सी (स्थलांतरितांना वसवणारी संस्था) आणि गावची सोसायटी. शेतकरी त्या सोसायटीचा सभासद म्हणून जमीन कसतो. कायद्याच्या भाषेत तो 'बर-रेशूत', म्हणजे परवानगीने राहणारा. सत्तर वर्षं घाम गाळलेला माणूस कागदावर परवानाधारक निघतो, हे कळल्यावर आपल्याकडचे लोक जरा हादरतात. वारसाहक्काच्या सगळ्या भानगडी इथूनच सुरू होतात (प्रश्न ८ पाहा).

८. तीन मुलं असतील तर वाटणी कशी होते?

होत नाही. मोशावातल्या एका कुटुंबाच्या वाट्याला 'नहला' म्हणतात: घर, परसू आणि शेत मिळून एक एकक. (नहलाल गावाच्या नावाशी याची गल्लत करू नका.) नहला फोडता येत नाही. आईवडिलांनी एकच वारस नेमायचा. त्याला 'बेन मम्शीख' म्हणतात, म्हणजे पुढे चालवणारा मुलगा. मुलगीही असू शकते. त्याला आईवडिलांच्या हयातीतच त्याच नहलेवर दुसरं घर बांधता येतं. बाकीच्यांनी गाव सोडायचं, किंवा दुसरीकडे रिकामी नहला मिळते का ते पाहायचं.

आपल्याकडे मुंबई राज्याचा तुकडेबंदी कायदा १९४७ चा. कायदा आहे, आणि दहा-दहा गुंठ्यांच्या पट्ट्याही आहेत. तिथे तुकडा पडला नाही, कारण जमीन मुळात विकायला किंवा वाटायला शेतकऱ्याच्या हातात नव्हतीच. पण भांडणं टळली असं समजू नका. कोण 'पुढे चालवणारा' हे आईवडिलांनी एकदा लिहून दिलं, मग मत बदललं, वारसाचं लग्न मोडलं, सुनेने घरावर हक्क सांगितला, असे खटले इस्रायली न्यायालयांत चालतच असतात. ज्या भावंडांना काही मिळालं नाही ती पैशांत वाटा मागतात. शेताची किंमत शेती म्हणून कितीही असो, तेल अवीवपासून अर्ध्या तासावरची नहला म्हणजे सोनं.

नव्वदच्या दशकापासून यावर एक पळवाट निघाली: गावाच्या कडेला 'हर्खावा', म्हणजे विस्तार वस्ती. छोटे घरप्लॉट, शेतजमीन नाही. गावातली जास्तीची मुलं तिथे राहायला आली, आणि त्यांच्यासोबत बाहेरचेही (प्रश्न १३ पाहा).

९. मोशावाची सोसायटी म्हणजे आपली विकास सोसायटीच ना?

चुलत बहीण म्हणा. विकास सोसायटी मुख्यतः पीककर्ज देते. मोशावाची सोसायटी, 'अगुदा', कर्ज देते, माल घेते, पाण्याचा कोटा वाटते, अवजारं ठेवते, आणि जुन्या काळी गावात कोण राहणार तेही तीच ठरवायची.

नातं मात्र खरंच आहे. इस्रायलमध्ये आजही चालू असलेला सहकारी संस्थांचा कायदा ब्रिटिश राजवटीतला, १९३३ चा. त्याआधी १९३० मध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले सी. एफ. स्ट्रिकलंड यांना पॅलेस्टाईनला बोलावलं होतं, अरब शेतकऱ्यांसाठी सहकार कसा आणता येईल याचा अहवाल लिहायला. पंजाबच्या खेड्यांत त्यांनी पतपेढ्यांचं काम केलं होतं. तेव्हा निबंधक आणि नोंदणी हे शब्द तिथल्या सचिवालाही आपल्याइतकेच ओळखीचे असतील.

गावच्या सोसायटीच्या वर मोठ्या संस्था होत्या. माल विकायला १९२६ पासूनची तनुवा, खरेदीला विभागवार संघ. तनुवा म्हणजे तिथलं दुधाचं महानंद किंवा अमूल समजा. तिचं काय झालं? २००८ मध्ये बहुसंख्य हिस्सा एका खासगी गुंतवणूक कंपनीने घेतला आणि २०१५ मध्ये तो एका चिनी खाद्यकंपनीकडे गेला.

१०. सोसायटीला चुकवून व्यापाऱ्याला माल विकला तर?

नियमाने गुन्हा, व्यवहारात सर्रास. ऊसबिलातून सोसायटीची वसुली कापून घेतली जाते तसंच तिथे होतं. दुधाचा, कोंबड्यांचा पैसा सोसायटीच्या खात्यात येतो, आधी उधारी वळती होते, उरेल ते हातात. ज्याच्या डोक्यावर जास्त कर्ज त्याच्या हातात काहीच उरत नाही, म्हणून तोच रात्री टेम्पोवाल्याला रोखीत माल देतो. त्याची उधारी तशीच राहते. ती कुणाच्या गळ्यात पडते, ते पुढच्या उत्तरात.

११. एकाने कर्ज बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं? हे कसं काय चालत होतं?

हेच मोशावाचं खरं हृदय आहे, म्हणून जरा सविस्तर.

परस्पर जामीनकी म्हणजे प्रत्येक सभासद प्रत्येकाच्या कर्जाला जामीन. नहलालमध्ये हे चालण्याचं कारण सरळ होतं: माणसं एकमेकांना ओळखत होती, एकाच चिखलात उभी होती, आणि बँकेला तारण द्यायला जमीन नव्हती, कारण जमीन त्यांची नव्हतीच (प्रश्न ७). शेजाऱ्याचा शब्द हेच तारण. त्या जोरावर अगदी गरीब गावालाही बी आणि जनावरं उधार मिळाली. कुणी आजारी पडलं तर त्याच्या गाईची धार शेजारी काढत, कारण त्याची गाय आटली तर आपलाही हप्ता अडकतो. माया आणि हिशेब एकाच बादलीत.

पुढे विभागीय खरेदी संघ मोठे झाले. एका गावाची जामीनकी वीस-तीस गावांपर्यंत ताणली गेली. ज्याच्या कर्जाला तुम्ही जामीन, त्याचं तोंडही तुम्ही पाहिलेलं नाही. महागाईच्या काळात हे खपून गेलं, कारण रुपया घसरतो तसं जुनं कर्ज आपोआप हलकं होतं. तिथे शेकेल घसरत होता. १९८४ मध्ये महागाई ४०० टक्क्यांच्या वर गेली. १९८५ च्या जुलैत सरकारने स्थिरीकरण योजना आणली. महागाई खाली आली, व्याज मात्र चढलेलं राहिलं, आणि कर्ज पुन्हा खरंखुरं कर्ज झालं. खरेदी संघ एकामागून एक कोसळले. ज्याने वेळेवर हप्ता भरला होता त्याच्याही दारात नोटीस, कारण तो जामीन होता.

१९९२ मध्ये कुटुंबशेतीच्या कर्जांसाठी खास कायदा झाला. तो मांडणाऱ्या गदालिया गाल यांच्या नावाने त्याला 'गाल कायदा' म्हणतात. लवादासारखा अधिकारी नेमून किती माफ, किती हप्त्यांनी, हे ठरू लागलं. प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळली.

माझं मत विचाराल तर मोशाव ठिबकवर उभा राहिला नाही आणि परदेशी देणग्यांवरही नाही. तो जामीनकीवर उभा राहिला आणि जामीनकीनेच मोडला. शंभर घरांपर्यंत ती ताकद होती. तीन हजार घरांची झाल्यावर फास. आज अनेक मोशावांत सोसायटी नावापुरती आहे. पाणी आणि जुनी देणी सांभाळते, बाकी प्रत्येक जण आपापला.

१२. "स्वतःचे श्रम" म्हणतात, पण मग शेतात थायलंडचे मजूर कसे?

तत्त्व गळलं, इतकंच. १९६७ नंतर गाझा आणि पश्चिम किनाऱ्यावरून स्वस्त मजूर मिळू लागले. १९८७ च्या पहिल्या इंतिफादानंतर, म्हणजे पॅलेस्टिनी उठावानंतर, ते येणं अनिश्चित झालं आणि नव्वदच्या दशकात थायलंडमधून माणसं आणायला सुरुवात झाली. २०२३ च्या ऑक्टोबरआधी इस्रायली शेतीत सुमारे ३० हजार थाई कामगार होते. ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात त्यांच्यातलेही अनेक मारले गेले, ओलीस नेले गेले. त्यानंतर भारतीयही आले. मार्च २०२४ मध्ये लेबनॉन सीमेवरच्या मार्गालियोत या मोशावाच्या बागेत क्षेपणास्त्र पडून केरळचा एक कामगार मरण पावला. स्थलांतरितांच्या गावात आज राबणारे हातही परदेशीच, फरक एवढा की यांना नहला कधीच मिळणार नाही.

१३. कुणालाही मोशावात जाऊन राहता येतं का?

शेतीची नहला घ्यायची तर सोसायटीची आणि जमीन प्राधिकरणाची संमती लागते. विस्तार वस्तीत किंवा लहान गावात घर घ्यायचं तर बऱ्याच ठिकाणी 'प्रवेश समिती' तुमची मुलाखत घेते. नेगेव आणि गालीलमधल्या ४०० कुटुंबांपर्यंतच्या वस्त्यांसाठी २०११ च्या कायद्याने ही पद्धत पक्की केली, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली आणि २०२३ मध्ये मर्यादा ७०० कुटुंबांपर्यंत वाढवली. 'गावाच्या सामाजिक घडणीला न साजेसा' हे नकाराचं कारण चालतं. अरब नागरिकांना आणि इतर नकोशांना बाहेर ठेवायची ही सोय आहे, अशी टीका सतत होते, आणि मला ती रास्त वाटते.

एक अपवाद लोकांना हमखास चकवतो. गावात दोन समित्या असतात: सोसायटीची आणि रहिवाशांची स्थानिक समिती, आपल्या ग्रामपंचायतीसारखी. विस्तार वस्तीतला नवा रहिवासी दुसऱ्या समितीला मत देतो, पहिल्या समितीला नाही. म्हणजे रस्त्यावरच्या दिव्याबद्दल तो बोलू शकतो, पाण्याच्या कोट्याबद्दल नाही. संख्येने नवे जास्त आणि जमीन जुन्यांची, अशी गावं आता पुष्कळ.

१४. ठिबक सिंचनाचा शोध मोशावात लागला ना?

नाही. नेताफिम ही कंपनी १९६५ मध्ये हात्झेरीम या किबुत्झमध्ये, अभियंता सिमखा ब्लास यांच्या कल्पनेवर सुरू झाली. योगायोग असा की हात्झेरीम आणि नेवातीम दोन्ही १९४६ च्या त्याच रात्रीतली (प्रश्न ५). जळगावच्या जैन इरिगेशनने घेतलेली नानदान हीसुद्धा मुळात किबुत्झचीच. कारखाना काढायला किबुत्झची एकत्र तिजोरी उपयोगी पडते. मोशावातला शेतकरी नळ्या विकत घेणारा.

१५. ती जमीन आधी कुणाची होती?

इझ्रेल खोऱ्यातली बरीचशी जमीन बैरूतच्या सुरसोक या जमीनदार घराण्याकडून विकत घेतली गेली. मालक दूर शहरात, कसणारी कुळं अरब. व्यवहार कायदेशीर होता, कुळांना मात्र उठावं लागलं. कुळकायद्याच्या महाराष्ट्रात यावर जास्त लिहायला नको.

१९४८ नंतरच्या मोशावांचं वेगळं आहे. त्यातले अनेक युद्धात ओस पडलेल्या किंवा ओस पाडल्या गेलेल्या पॅलेस्टिनी गावांच्या जमिनीवर उभे आहेत, आणि १९५० च्या अनुपस्थितांच्या मालमत्तेच्या कायद्याने त्या जमिनी ताब्यात घेतल्या गेल्या. कोचीच्या ज्यूंचं ताओझ बैत सुसीन गावाच्या जमिनीवर आहे, कफार युवाल आबिल अल-कम्ह गावाच्या. ट्रकमधून उतरवलेल्या कुटुंबाला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि निघून गेलेल्यांना तर नाहीच.

१६. महाराष्ट्रात असं गाव करता येईल का?

पूर्ण नकल नाही. जमीन राष्ट्राची असेल तरच नहला अखंड राहते, आणि आपल्याकडे सामुदायिक शेतीचं नाव काढलं की काय होतं ते १९५९ च्या काँग्रेसच्या नागपूर ठरावानंतर दिसलंच. शेतकऱ्याने जमीन सोडायची या शंकेनेच तो विषय संपला. आपण सहकार केला तो शेताच्या बांधाबाहेर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरेला उभा केला तो कारखाना, शेत ज्याचं त्याचं.

एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे, आणि तीच बचत गटांनी न सांगता घेतली आहे: जामीन तेवढ्याच लोकांना राहा, ज्यांच्या घरी चहा प्यायला जाता.

१७. बातम्यांत इराणने क्षेपणास्त्रं डागलेलं नेवातीम हेच का?

नाही. तो हवाई तळ. सिनाई परत केल्यावर ऐंशीच्या दशकात तो गावापासून काही किलोमीटरवर उभारला आणि नाव गावाचं घेतलं. २०२४ मध्ये एप्रिल आणि ऑक्टोबरात क्षेपणास्त्रं पडली ती तळावर. गावात कोचिनी ज्यूंचं संग्रहालय आणि केरळी घाटाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. पाहायला जायचं तर आधी कळवून जा, आणि शुक्रवारी दुपारनंतर जाऊ नका. सगळं बंद असतं.